शस्त्र पुण्याचे, विवेक कोणाचा?

पुणे हे विद्येचे माहेरघर आहे, ही गोष्ट पुणेकर सहसा कोणाला विसरू देत नाहीत. हे शहर शस्त्रांचेही माहेरघर आहे, ह्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. म्हणजे फर्ग्युसन कॉलेजाहून तो सोळा वर्षांनी वडील. पाषाणला शस्त्रास्त्रांचे आराखडे करणारी संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे, सुतारवाडीला स्फोटक द्रव्यांची प्रयोगशाळा आहे आणि दापोडीला लष्करी अभियंते घडविणारे महाविद्यालय आहे. ह्याच शहरात १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी, कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. आणि कण्याला इजा होऊन कायमचे पंगू झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही खडकीतच आहे. शहराच्या एका अंगाला शस्त्र तयार होते आणि दुसऱ्या अंगाला शस्त्राने तोडलेल्या देहाला लाकडाधातूचा आधार दिला जातो.

ह्या दोहोंच्या मध्ये एक कायदा उभा आहे. कोणते शस्त्र वापरावे, कोणते वापरू नये, ते कोणावर रोखावे आणि कोणावर मुळीच रोखू नये, हे सांगणारा तो कायदा होय. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा असे त्याचे भारदस्त नाव आहे. ज्या शहरात शस्त्रे घडतात त्या शहरातच ह्या कायद्याची चर्चा होऊ नये, ही केवळ बौद्धिक उणीव नव्हे. लोकशाहीच्या कारभारातील ती एक मोठी पोकळी आहे.

प्रथमच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनात हटकून येतो. युद्ध हेच मुळी अमानुष. मग त्याला नियम घालून देणे म्हणजे खाटकाला अहिंसेचे धडे देण्यासारखे नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो टिकत नाही. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हा प्रश्न वेगळा. आणि युद्ध कसे लढले जात आहे, हा प्रश्न वेगळा. हा कायदा दुसऱ्या प्रश्नापुरताच बोलतो, आणि आक्रमकाला व आक्रमिताला एकच नियम लावतो. त्याने युद्ध थांबत नाही. परंतु युद्ध थांबेपर्यंत किती लहान मुले जगतील, किती विहिरी शाबूत राहतील आणि तह झाल्यावर शेतकरी आपल्या शेतात निर्धास्त पाऊल टाकू शकेल की नाही, हे त्यावर ठरते. कारखान्यातील कामाचे तास आठांवर आणणाऱ्या कायद्याने भांडवलशाही संपली नव्हती. म्हणून तो कायदा निरर्थक होता असे कोणी समाजवादी म्हणणार नाही.

ह्या कायद्याचा इतिहास युरोपातून सांगितला जातो आणि त्यात काही वावगे नाही. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनेक राष्ट्रांनी ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक गोळी न वापरण्याचे ठरविले. त्यामागचे तत्त्व साधे होते : शत्रूला निकामी करणे एवढाच युद्धाचा रास्त हेतू असू शकतो, त्यापलीकडे त्याच्या यातना वाढविणारे शस्त्र निषिद्ध होय. परंतु ह्या सभ्यतेची सीमा कोठे संपत होती, हे पुढल्या तीस वर्षांत हिंदुस्थानातच दिसले. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात, शरीरात शिरताच पसरणारी आणि भयंकर जखम करणारी गोळी तयार झाली व १८९७-९८ च्या मोहिमांत ती वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांवर चालविली गेली. १८९९ च्या हेग परिषदेत ह्या गोळीवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन अर्डा ह्यांनी तिचे समर्थन केले. सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी मात्र अंगावर धावून येतच राहतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटनने त्या बंदीला मान्यता दिली ती १९०७ साली. अनावश्यक यातना नकोत, हे तत्त्व मान्य होते. फक्त ज्याला यातना व्हायच्या तो गोरा असला पाहिजे, ही अट कोणी लिहून ठेवली नव्हती एवढेच.

म्हणून हा कायदा पाश्चात्त्यांचा आहे, असे म्हणून तो झिडकारणे चुकीचे ठरते. ज्यांच्यावर त्याचा अपवाद आजमावला गेला, त्यांचाच त्यावर पहिला हक्क पोहोचतो. शिवाय सैन्याच्या हाताला मर्यादा असावी ही कल्पना ह्या मातीला परकी नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना पाठविलेले पत्र मराठी माणसाला परिचित आहे. रयतेच्या दाण्याला, वैरणीला, भाजीपाल्याला फौजेने हात लावू नये. छावणीतील पेटती वात उंदराने ओढून नेऊन गंजीला आग लागणार नाही, इतकी काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. आजचा कायदा ज्याला लढाईतील खबरदारीचे कर्तव्य म्हणतो, त्याचेच हे अस्सल मराठी रूप होय.

आजचा कायदा थोडक्यात चार गोष्टी सांगतो. लढणारा आणि न लढणारा ह्यांत सतत भेद केला पाहिजे. लष्करी लक्ष्यावर मारा करतानाही नागरिकांची होणारी हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी असता कामा नये. मारा करण्यापूर्वी शक्य ती सर्व खबरदारी घेतली पाहिजे. आणि अनावश्यक यातना देणारी किंवा भेद करूच न शकणारी शस्त्रे वापरता कामा नयेत. १९७७ च्या पहिल्या पूरक संधिपत्राने ह्यात युद्धतंत्रासंबंधी महत्त्वाची भर घातली : नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरणे निषिद्ध ठरले. १९४२ साली जपानी आक्रमणाच्या भीतीने बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील नावा आणि तांदूळ ब्रिटिश सरकारने काढून घेतला आणि १९४३ च्या दुष्काळाच्या कारणांत त्याचीही गणना होते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या कलमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे नियम पुस्तकी नाहीत. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निःशस्त्र माणसे ठार मारण्यात आली; त्यांत पुण्याचेही नागरिक होते. त्या कृत्याचा निषेध करताना प्रत्येकाच्या तोंडून जे वाक्य निघाले, ते ह्याच कायद्याचे पहिले वाक्य होते : नागरिक हे लक्ष्य असू शकत नाही. ७ मे रोजी भारताने जी कारवाई केली, तिचे वर्णन सरकारने नेमकी, मोजकी आणि पाकिस्तानी लष्करी ठाणी टाळणारी असे केले. त्यानंतर पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात नागरिक मेले, तेव्हा भारताने ज्या भाषेत तक्रार केली तीही हीच भाषा होती. जी भाषा आपण शत्रूविरुद्ध वापरतो, ती आपल्यालाही लागू होते. युक्रेनमधील शहरांवर पडणाऱ्या रशियन क्षेपणास्त्रांना ती लागते, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या कत्तलीला लागते, आणि त्यानंतर गाझात इस्राएलने चालविलेल्या संहाराला व उपासमारीलाही लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ जाहीर झाला, तो पाऊस न पडल्यामुळे नव्हे.

मग भारताची स्वतःची नोंद कशी आहे? ती संमिश्र आहे आणि दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. विषारी वायूंचा वापर निषिद्ध करणारा १९२५ चा जिनीव्हा करार, १९४९ ची चार जिनीव्हा संधिपत्रे, काही विशिष्ट शस्त्रांवर निर्बंध घालणारा १९८० चा करार, हे सारे भारताने मान्य केलेले आहे. रासायनिक शस्त्रांची कथा तर विशेष बोधप्रद आहे. १९९२ साली भारत व पाकिस्तान ह्यांनी संयुक्त निवेदन करून, आपणांपाशी अशी शस्त्रे नाहीत असे जगाला सांगितले. पुढे तपासणीची कडक व्यवस्था असलेला आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९६ साली मान्य केला, आणि १९९७ साली साठा असल्याचे जाहीर करावे लागले. तो साठा निरीक्षकांच्या देखरेखीखाली २००९ पर्यंत नष्ट करण्यात आला. ज्या निवेदनाला तपासणी नव्हती ते कोरडे ठरले. ज्या कराराला तपासणी होती तो पाळला गेला. ह्या सबंध विषयाचे सार ह्या एका उदाहरणात आहे. आणि साठा नष्ट केल्याने देश दुबळा झाला, असे आजवर एकाही सेनापतीने म्हटलेले नाही.

दुसरी बाजू अशी. १९७७ ची पूरक संधिपत्रे भारताने स्वीकारलेली नाहीत. वसाहतवादी व वंशवादी सत्तांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धांना आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा देणारे पहिले संधिपत्र हा तिसऱ्या जगाचा मोठा विजय होता. त्या विजयाच्या बाहेर आपण राहिलो. व्यक्तिरोधी भूसुरुंगांवरील १९९७ चा ओटावा करार, समूह बाँबवरील २००८ चा करार, शस्त्रव्यापारावरील २०१३ चा करार, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे रोम संधिपत्र, ह्यांपैकी एकावरही भारताची सही नाही. अण्वस्त्रांचा वापर, प्रतिहल्ला म्हणूनसुद्धा, बेकायदेशीर आहे असे भारताने १९९५ साली हेगच्या न्यायालयापुढे लेखी मांडले. तीन वर्षांनी पोखरणला स्फोट झाले. डिसेंबर २०२३ मध्ये, माणसाच्या हुकमाविना मारा करणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांची चिंता व्यक्त करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ मतांनी संमत झाला. विरोधात पडलेल्या मोजक्या मतांत एक भारताचे होते.

भूसुरुंगाचा प्रश्न समाजवाद्यांना अधिक जवळचा, आणि अधिक अवघडही आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ ह्या काळात, 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पंजाब, राजस्थान व जम्मूच्या सीमेवरील शेतजमिनींत प्रचंड प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. युद्ध झालेच नाही. पण ते सुरुंग पेरताना व काढताना सैनिक मेले, आणि शेतकरी व त्यांची जनावरे जायबंदी झाली. त्या वेळी संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, समाजवादी चळवळीतच घडलेले नेते. सियाचेनच्या जवानांची विचारपूस करणाऱ्या ह्या मंत्र्याच्याच कारकिर्दीत शेतकऱ्याच्या शेतात सुरुंग पेरले गेले, हे चळवळीने प्रांजळपणे मान्य करावयास हवे. सत्तेच्या खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे कायद्याची गरज संपत नाही. उलट तेव्हाच ती खरी कळते.

आता पुन्हा पुण्याकडे वळू. 'पिनाक' ही अग्निबाणांची यंत्रणा पाषाणच्या संस्थेने विकसित केली. एप्रिल २०२२ मध्ये ह्या अग्निबाणाच्या, सबंध क्षेत्रावर छोटे बाँब विखुरणाऱ्या नव्या प्रकाराची पोखरणला चाचणी झाली, आणि त्यासाठी स्वतःच स्वतःला नष्ट करणारा फ्यूज पुण्यात तयार करण्यात आल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. ह्या फ्यूजची गरज का भासली? विखुरलेल्या बाँबांपैकी जे फुटत नाहीत, ते लढाई संपल्यावर गुराख्याच्या किंवा शाळकरी पोराच्या हातात फुटतात म्हणून. लाओस, लेबनॉन आणि इराक ह्या देशांनी हे भोगलेले आहे. म्हणजे जो कायदा भारताने कागदावर मान्य केलेला नाही, त्याचा दाब पाषाणच्या आराखड्यात आधीच उतरलेला आहे. मग असा फ्यूज शंभरांत किती वेळा दगा देतो, हे कोण तपासते? नवे शस्त्र दाखल करण्यापूर्वी ते कायद्यात बसते की नाही हे पाहिले पाहिजे, असे १९७७ च्या पहिल्या संधिपत्राचे छत्तिसावे कलम सांगते. भारतात अशा तपासणीची संसदेच्या कायद्याने सक्ती केलेली नाही. मोटारीला रस्त्यावर येण्यापूर्वी प्रमाणपत्र लागते. अग्निबाणाला लागू नये?

नागरिकाने हा प्रश्न न्यायालयात न्यावा, तर तेथेही दार बंद आहे. १९६० साली संसदेने जिनीव्हा संधिपत्रांचा कायदा केला, पण त्याच्या सतराव्या कलमाने असे ठरविले की, सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्यावाचून कोणत्याही न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घेऊ नये. ह्या कायद्याची कसोटी लागली ती गोव्याच्या एका खटल्यात. मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलेल्या एका गोमंतकीय धर्मगुरूने, देशाबाहेर घालविले जाऊ नये म्हणून, ह्या संधिपत्रांचा आधार मागितला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, गोवा भारतात विलीन झाल्यावर 'व्याप्त प्रदेश' उरला नाही. आणि शिवाय, हा कायदा कोणाही व्यक्तीला न्यायालयात दाद मागण्याचा खास अधिकार देत नाही. पहिल्या मुद्द्याशी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींचा वाद असण्याचे कारण नाही. दुसरा मुद्दा मात्र गोव्यापुरता राहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, इस्राएलला शस्त्रे धाडणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. तीत ज्यांचा उल्लेख होता त्यांत खडकीला मुख्यालय असलेली 'म्युनिशन्स इंडिया' ही सरकारी कंपनीही होती. हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे, असे म्हणून न्यायालयाने याचिका फेटाळली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, युद्धातील पक्षांना शस्त्रे पुरविताना ती संधिपत्रांच्या भंगासाठी वापरली जाऊ नयेत ही जबाबदारी सर्व राष्ट्रांची आहे, असे बजावले होते. हेगला जी कायद्याची जबाबदारी आहे, ती दिल्लीला केवळ धोरणाची बाब ठरली.

ह्या साऱ्याच्या मुळाशी अर्थकारण आहे. २०१३-१४ साली भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ साली ती २३,६२२ कोटींवर गेली, आणि २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्या आधी कामगारांनी विरोध करताच संपबंदीचा कायदा आला. कारखाना सरकारी खाते असतो तेव्हा त्याचे काम सैन्याची गरज भागविणे हे असते. त्याची कंपनी झाली की ताळेबंद बोलू लागतो, आणि ताळेबंदाला गिऱ्हाईक हवे असते. जगात शांतता असली तर अशा कंपनीला मंदी, आणि कोठे युद्ध पेटले तर तेजी. गिऱ्हाईक गोळा कोणावर टाकतो, हा रकाना ताळेबंदात नसतो. हा रकाना घालण्याचे काम बाजार करणार नाही. ते राजकारणालाच करावे लागेल.

येथे कामगाराला गुन्हेगार ठरविण्याचा प्रश्न नाही. संरक्षण कामगारांच्या संघटनेचे नेतृत्व एस. एम. जोशी ह्यांनी केले आणि खडकीतील त्या संघटनेची वास्तू त्यांचेच नाव धारण करते. ज्या माणसाने कामगाराची भाकरी आणि माणसाची सद्सद्विवेकबुद्धी ह्यांत कधी फारकत केली नाही, त्याचा वारसा सांगणाऱ्यांनी हा विषय कामगारांपासून लपवून ठेवू नये. आपल्या हातून निघालेला गोळा कोठे जातो, हे विचारण्याचा पहिला अधिकार तो भरणाऱ्या हातांचाच आहे.

शेजारी ऐकत नाहीत, महासत्ता ऐकत नाहीत, मग आपणच का ऐकावे, असे म्हटले जाईल. चीन, पाकिस्तान, रशिया व अमेरिका ह्यांपैकी कोणीही ओटावा करारात नाही, हे खरे. आणि पोलंड, फिनलंड व बाल्टिक राष्ट्रांनी २०२५ साली त्यातून बाहेर पडण्याचे ठरविले, हेही खरे. पण ज्या मागण्या आज केल्या पाहिजेत, त्यांना शेजाऱ्याच्या संमतीची गरज नाही. प्रत्येक नव्या शस्त्राची कायदेशीर तपासणी संसदीय कायद्याने सक्तीची करावी आणि तिचा अहवाल संसदेच्या समितीपुढे यावा. शस्त्रनिर्यातीचा परवाना कोणाला, कशाचा व कोणत्या अटींवर दिला, हे दरवर्षी संसदेपुढे मांडावे. आणि जेथे नागरिकांची कत्तल चालू आहे तेथे तो रोखावा. १९६० च्या कायद्याचे सतरावे कलम बदलून पीडिताला व नागरिकाला दाद मागण्याची वाट मोकळी करावी. पहिले पूरक संधिपत्र, आवश्यक तर राखीव अटींसह, मान्य करावे. आणि सुरुंगांच्या निर्यातीवर १९९६ सालापासून जी बंदी आपणच आपल्यावर घालून घेतली आहे, तिला कायद्याचे रूप देऊन सुरुंग मोडीत काढण्याची मुदत जाहीर करावी. ह्यांतील एकाही मागणीने सीमेवरील जवानाची बंदूक हिरावली जात नाही.

ह्या मागण्यांची सुरुवात दिल्लीत होणार नाही. ती खडकीच्या फाटकावरील सभेत, महाविद्यालयांच्या चर्चामंडळांत आणि खासदाराला वारंवार विचारलेल्या प्रश्नांत होईल. पुण्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ते करणे शक्य आहे. शस्त्र बनविण्याचे शास्त्र ह्या शहराने दीडशे वर्षे जोपासले. त्या शस्त्राला मर्यादा घालणारे शास्त्र शिकण्यास आता उशीर करून चालणार नाही.